आपद्‌ग्रस्त मुलखात सहलीस जावे काय?

खरिपाची खळी उरकली, रब्बीच्या पेरण्या मार्गी लागल्या, की आमच्या मंडळाची वार्षिक सहल निघावयाची, हा परिपाठ वाचकांच्या परिचयाचा आहे. चार गावची शेती पाहावी, एखाद्या देवस्थानी दर्शन घ्यावे, घरच्या मंडळींस वर्षातून चार दिवस तरी चूल आणि गोठा विसरता यावा, एवढाच तिचा हेतू. ह्या खेपेस अहिल्यानगरवरून करमाळा, टेंभुर्णी, पुढे पंढरपूर, सोलापुराजवळ केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि शेवटी तुळजापूर, असा बेत ठरला होता. इतक्यात २०२५ च्या सप्टेंबरअखेर सीना नदीस महापूर आला. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा, माढा, मोहोळ आणि धाराशिव जिल्ह्यातील भूम, परांडा ह्या तालुक्यांत उभी पिके पाण्याखाली गेली, दावणीची जनावरे दावणीतच बुडाली, आणि नदीकाठच्या कित्येक शेतांतील काळी माती खरवडून जाऊन खाली नुसता मुरूम उरला. आमच्या सहलीचा रस्ता नेमका ह्याच मुलखातून जातो.

बातमी येताच मंडळाच्या सभासदांत दोन तट पडले. एक पक्ष म्हणतो की, ज्या कुणब्याची माती वाहून गेली त्याच्या बांधावरून गाडीत बसून गाणी म्हणत जाणे हे माणुसकीस धरून नाही. सहल रद्द करावी. दुसरा पक्ष म्हणतो की, पंढरपूर व तुळजापूर ही गावे येणाऱ्याजाणाऱ्यांवर जगतात. आपण न गेल्याने पूरग्रस्ताच्या शेतात मातीचे एक ढेकूळही परत येणार नाही, उलट त्याच मुलखातील हारवाल्याचा, खाणावळवाल्याचा, रिक्षावाल्याचा दिवस मात्र रिकामा जाईल. दोन्ही पक्षांत शहाणी व कळवळ्याची माणसे आहेत. निर्णय सर्वसाधारण सभेने करावयाचा आहे. तत्पूर्वी ह्या प्रश्नाचा सांगोपांग विचार वाचकांपुढे ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते; कारण प्रश्न केवळ एका सहलीचा नाही. आज आपण पाहुणे आहोत. उद्या गारपीट झाली की यजमान आपणच होणार आहोत.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, संकटाच्या जागी जाणारे लोक तीन प्रकारचे असतात. एक मदतीस जाणारा, दुसरा पाहुणा म्हणून जाणारा, आणि तिसरा नुसता बघ्या. मदतीस जाणाऱ्याविषयी वाद नाही. बघ्याविषयीही वस्तुतः वाद नसावा. परंतु बघ्या म्हणजे कोणी परका माणूस, असे मात्र आपण समजू नये. सप्टेंबर २००८ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये नाशकात गोदावरीस मोठे पूर आले. दुतोंड्या मारुतीच्या कोठपर्यंत पाणी चढले, हे पाहण्यासाठी पुलांवर व काठावर जी गर्दी लोटली, तीत आपल्यापैकी किती जण होते, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. पाणी मारुतीच्या छातीस लागले की गळ्यास, ह्याची चर्चा काठावर चालू असता खाली सराफ बाजार व भांडी बाजार येथील दुकानदार गुडघाभर पाण्यातून माल बाहेर काढीत होते. पाहणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता. परंतु दुष्टावा नसला म्हणजे अपराध घडत नाही, असे थोडेच आहे? अरुंद रस्त्यावरच्या गर्दीतील प्रत्येक माणूस मदतीच्या गाडीपुढे उभा असतो.

हीच गोष्ट डोंगरात अधिक भयंकर रूप धारण करते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोध थांबविला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. वाडीस मोटारीचा रस्ता नव्हता. एकाच निसरड्या पायवाटेने खोरी, फावडी, औषधे आणि माणसे वर न्यावयाची व प्रेते खाली आणावयाची होती. अशा वाटेवर जो विनाकारण चढला, त्याने केवळ आपल्या पायांनी कोणा तरी कामकऱ्याची वाट अडविली. म्हणूनच सरकारास तेथे जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. ३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळातील वायनाड जिल्ह्यात मुंडक्कै व चूरलमला ही गावे दरडीखाली गेली, तेव्हाही तेथील पोलिसांनी लोकांस हेच विनविले की, कृपा करून पाहण्यासाठी म्हणून येऊ नका. आपल्या पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराने गिळले ती तारीखही ३० जुलैच होती, साल २०१४. त्या दिवशी गाव नाहीसे झाल्याची वर्दी प्रथम दिली ती नेहमीच्या फेरीस आलेल्या एस. टी. च्या चालकाने. आपल्या कामास आलेला माणूस अशा वेळी उपयोगी पडतो. तमाशास आलेला अडचण होतो.

येथवर कोणाचे दुमत होईल असे वाटत नाही. खरा प्रश्न पुढेच आहे. प्रेते निघाली, पाणी ओसरले, सरकारी पंचनामे झाले. मग पुढे काय? त्या मुलखात आनंदासाठी पाऊल टाकणे केव्हा योग्य होते? का कधीच होत नाही?

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास दूर जावयास नको. आपल्या खेड्यांतील रीत आपणांस ते केव्हाच देऊन बसली आहे. एखाद्या घरी मृत्यू झाला म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही. भाऊबंद व शेजारी आपापल्या घरून पिठले-भाकरी नेतात आणि दुःखितांस बळेच घास घ्यावयास लावतात. त्यास आपण कडू घास म्हणतो. त्या दिवसांत भेटावयास गेलेला माणूस त्या घरचा पाहुणचार घेत नाही. न्यावयाचे ते आपण न्यावयाचे, आणि थोडा वेळ बसून निघावयाचे. परंतु ही स्थिती कायम राहू द्यावयाची नाही, हेही तितक्याच कटाक्षाने पाहिले जाते. दिवस झाले की सोयरे येतात, टोपी-टॉवेल, लुगडे-चोळी आणतात, गोडाचा घास भरवितात आणि दुखवटा काढतात. घरच्या माणसास आपण होऊन दुखवटा काढता येत नाही. गोड खावयास त्याचा हात धजत नाही. ते काम बाहेरच्यानेच यावयाचे आणि करावयाचे असते. कडू घासाच्या दिवशी गोडाचा डबा घेऊन जाणारा जसा निर्दय, तसाच दुखवटा काढण्याच्या दिवशी न फिरकणाराही निर्दयच.

आमच्या मते सहलीच्या प्रश्नाचा निकाल ह्या एका रीतीत आहे. मुलखालाही सुतक असते आणि मुलखाचाही दुखवटा काढावा लागतो. पहिल्या पक्षाची चूक ही की, तो कडू घासाचा दिवस वर्षभर चालवू पाहतो. दुसऱ्या पक्षाची चूक ही की, तो कडू घास न देताच गोडाच्या पंगतीस बसू पाहतो.

दुखवटा न निघाल्याने काय होते, ह्याचे उदाहरण कोकणात पाहावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड व तिकडे दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी आपल्याकडेही नावाजलेली आहे. आजोबांनी लावलेली ती झाडे नातवाच्या डोळ्यांदेखत एका दुपारी मोडून पडली. बागाईतदारास ह्यातील हिशेब सांगावयास नको. सुपारीचे रोप लावल्यापासून फळ धरण्यास पाच-सात वर्षे लागतात, नारळासही तितकीच किंवा अधिक. मधल्या काळात त्या कुटुंबाने खावे काय? तेथील अनेक घरांनी पूर्वीच घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या. परंतु ते वर्ष कोरोनाच्या साथीचे. वाडीही गेली आणि पाहुणाही बंद झाला. अशा घरी निर्बंध सैल झाल्यावर जो माणूस गेला, दोन दिवस राहिला, माशाचे किंवा मोदकाचे जेवण जेवला आणि रोख पैसे देऊन आला, त्याने त्या घरावर उपकार केले नाहीत. पण त्या घराचे एक आंतरपीक मात्र उभे केले. मुख्य पीक हाती येईपर्यंत आंतरपिकावर निभाव लागतो, हे आपणांहून अधिक कोणास ठाऊक?

वायनाडातही असेच झाले. दरड कोसळली ती मेप्पाडी पंचायतीच्या काही वाड्यांवर. परंतु देशभरच्या लोकांनी सारा जिल्हाच मनातून पुसून टाकला. दरडीपासून कित्येक कोस दूर असलेल्या गावांतील खोल्या ओस पडल्या. ज्या राज्याच्या पोलिसांनी ‘येऊ नका’ म्हणून विनविले होते, त्याच राज्याच्या पर्यटन खात्यास पुढे ‘आता या’ म्हणून सांगावे लागले. दोन्ही सांगणी खरी होती. मध्ये काळ गेला होता, आणि जागाही एक नव्हती. ‘येऊ नका’ हे दरडीच्या जागेविषयी होते. ‘या’ हे उरलेल्या जिल्ह्याविषयी. जो माणूस हा भेद करीत नाही, तो एका शेतात तांबेरा पडला म्हणून सबंध शिवाराचा गहू टाकून देणाऱ्यासारखा होय.

आता सर्वांत अवघड मुद्दा. सुतक फिटले, हे ठरवावयाचे कोणी? पाहुण्याने तर नव्हेच. कारण त्याला आपल्या रजेची घाई असते. ‘यजमानाने ठरवावे’ असे उत्तर चटकन सुचते, आणि ते बव्हंशी बरोबरही आहे. परंतु यजमान म्हणजे कोण? अमेरिकेच्या ताब्यातील हवाई बेटांपैकी माऊई बेटावर ८ ऑगस्ट २०२३ रोजी वणव्याने लाहैना हे गाव जळून शंभरांवर माणसे मेली. बेघर झालेल्या कुटुंबांस पाहुण्यांच्याच हॉटेलांत आसरा दिला होता. बेटाचा सारा रोजगार प्रवाशांवर. म्हणून गव्हर्नरांनी दोनच महिन्यांनी, ८ ऑक्टोबरपासून, तो भाग प्रवाशांस खुला करण्याचे जाहीर केले. तेव्हा तेथील हजारो रहिवाशांनी सह्यांचे निवेदन देऊन कळविले की, आमचे सुतक अजून फिटले नाही. ज्या माणसाचे घर जळले त्याने सकाळी उठून दुसऱ्याच्या सुटीसाठी हसतमुखाने चहा द्यावा, हे आम्हांस सोसवत नाही. दुसरे काही रहिवासी म्हणत होते की, काम सुरू झाले नाही तर आम्हांस बेट सोडून जावे लागेल. दोघेही त्याच राखेवर उभे होते. ह्यावरून एवढे तरी दिसते की, ज्याच्या खोल्या आहेत त्याचा होकार हा सबंध गावाचा होकार नव्हे.

हे आम्ही दूरच्या बेटाचे सांगत नाही. आमच्याच वाचकांस सांगत आहो. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले, आणि आपल्या जिल्ह्यात तर त्याआधीपासूनच द्राक्षबागांतून पाहुणे उतरविण्याची प्रथा रुळली आहे. खोल्या आहेत त्या जमीनमालकाच्या. परंतु बागेत काडी बांधणारी, मणी विरळणारी, घड काढणारी माणसे पेठ, सुरगाणा, दिंडोरीच्या पाड्यांवरून येतात. गारपिटीने बाग झोडपली म्हणजे मालकाचे पीक जाते, आणि मजुराची त्या हंगामातील मजुरीही जाते. अशा वेळी पाहुणा आला, मालकास खोलीचे भाडे मिळाले, आणि झाडलोटीस त्याच मजूरबाईस निम्म्या रोजाने राबविले, तर त्या पाहुण्याच्या पैशाने दुखवटा निघाला तो कोणाचा? मालकाचा होकार न्याय्य ठरावयाचा असेल, तर येणाऱ्या पैशातून मजुरास पुरा रोज मिळाला पाहिजे. ही गोष्ट पाहुण्यास दिसत नाही. ती पाहणे यजमानाचे, म्हणजे आपले काम आहे.

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड तालुक्यात व अन्यत्रही गारा पडल्या, तेव्हाची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. गोडी छाटणी होऊन बागा कोठे फुलोऱ्यात, कोठे मणी धरलेल्या. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदाराची बाग पाव घटकेत पानांसकट उतरली. तिसऱ्या दिवशी शहराकडून आलेली एक मोटार बांधाशी थांबली. आतील मंडळी उतरून न विचारता बागेत शिरली, मोडलेल्या काड्यांपाशी उभे राहून त्यांनी आपली छायाचित्रे काढली, आणि निघताना बागवाल्यासच विचारले की, पुढच्या वायनरीचा रस्ता कोणता. त्याने रस्ता दाखविला. त्याच संध्याकाळी दरसाल त्याच्याकडे दोन दिवस उतरणाऱ्या नाशिकरोडच्या एका कुटुंबाचा दूरध्वनी आला. त्यांनी विचारले, ‘‘दादा, खरे सांगा, आम्ही यावे की न यावे? आमचा इसार तुमच्याकडेच राहू द्या.’’ तो म्हणाला, ‘‘आत्ता नका येऊ. घरात कोणी धड जेवत नाही. जानेवारीत या.’’ जानेवारीत ते आले. द्राक्षे नव्हती, हरभऱ्याचा हुळा होता, तो त्यांनी शेकोटीवर भाजून खाल्ला. बागवाला आम्हांस म्हणाला, ‘‘गारपिटीनंतर पहिल्यांदा त्या दिवशी आमच्या अंगणात कोणी मोठ्याने हसले.’’ मोटारीतली मंडळी वाईट होती, असे आम्ही म्हणत नाही. दोहोंत अंतर होते ते एका प्रश्नाचे. एकांनी विचारले, दुसऱ्यांनी विचारले नाही.

एका आपत्तीस मात्र हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. ती म्हणजे अवर्षण. पूर ओसरतो, वादळ निघून जाते. दुष्काळाच्या सुतकास तेरावा दिवसच नसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महिनाअखेरनंतरचे आय. पी. एल. क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश दिला. मैदानास लागणारे पाणी राज्याच्या तहानेपुढे किती, असा हिशेब तेव्हा पुष्कळांनी मांडला. परंतु पाण्याच्या प्रश्नात मापाइतकीच लाजही मोजावी लागते. आपल्याकडेही त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे पावसाळ्यात ढग डोंगरास टेकलेले असतात, आणि वैशाखात बाया उतरंडीच्या विहिरीवर हंडा घेऊन थांबलेल्या असतात. पावसाळ्यात धबधबे पाहावयास जाणाऱ्याने ह्या वाड्यांचा वैशाख लक्षात ठेवावा. ज्या मुलखात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे पाहुणा आला की यजमान आपला हंडा त्याच्यापुढे करतो; आतिथ्यधर्म त्यास ‘नाही’ म्हणू देत नाही. म्हणून तेथे ‘नाही’ पाहुण्याने म्हणावयाचे असते. अशा दिवसांत तिकडे सहलीस न जाणे हेच उत्तम.

आता आमच्या सहलीविषयी. ती रद्द करू नये, आणि ठरल्या दिवशीही नेऊ नये. माघापर्यंत पुढे ढकलावी, असे आमचे मत आहे. परंतु नुसती तारीख बदलल्याने सुतक फिटत नाही. कडू घास आधी गेला पाहिजे. सहलीसाठी जमा झालेल्या वर्गणीतील चौथा हिस्सा त्या तालुक्यांत रब्बीचे बियाणे व जनावरांस वैरण पोचविण्यास लावावा, आणि ते काम सहलीच्या गाडीने न करता आधी, मुकाट्याने, तेथील सोसायट्यांच्या विचाराने करावे. देताना छायाचित्रे काढू नयेत. मग जेथे उतरावयाचे तेथे पत्र घालून सरळ विचारावे: आम्ही इतकी माणसे येऊ इच्छितो, आपल्या गावास सोयीचे आहे काय? उत्तर नकाराचे आले तर मुकाट्याने मानावे आणि दिलेला इसार मागू नये.

गेल्यावर पूरग्रस्त गावे हा सहलीचा एक टप्पा मानू नये. कोणी शेतकऱ्याने आपण होऊन बोलाविले, तर दोघा-चौघांनी जावे, त्याच्या बांधावर बसावे आणि त्याचे ऐकावे. खरवडलेल्या जमिनीवर पुन्हा गाळ कसा भरावा, बांध कसा घालावा, ह्याविषयी आपणांपाशी काही अनुभव असल्यास विचारल्यावर सांगावा. न विचारता उपदेश करू नये. जेवण तेथील खाणावळीत घ्यावे, हुरडा, ज्वारी, डाळिंब जे मिळेल ते तेथेच खरेदी करावे, आणि भावात घासाघीस करू नये. आपल्या कांद्याचा भाव व्यापारी पाडतो तेव्हा आपणांस काय वाटते, एवढे त्या वेळी आठवावे. आणि पुढच्या सालीही एकदा तिकडे जावे. कारण दुखवटा काढून गेलेला सोयरा पहिल्या सणालाही येतो, अशी आपली रीत आहे.

कोणी म्हणेल, एवढी बंधने घातल्यावर सहलीत आनंद तो काय राहिला? ह्यास आमचे उत्तर असे की, आनंद पुष्कळ राहतो. विठोबाचे दर्शन राहते, केगावचे डाळिंब पाहावयाचे राहते, चंद्रभागेच्या वाळवंटात पोरांनी धावावयाचे राहते. गाडीतील गाणीही राहोत; फक्त सीनेकाठच्या गावांतून गाडी जाताना ती क्षणभर थांबावीत. कोणी सांगितले म्हणून ती थांबवू नयेत. काठावरचे शेत आपल्या शेतासारखेच आहे, हे खिडकीतून दिसल्यावर ती आपोआप थांबतील, अशी आम्हांस आमच्या सभासदांविषयी खात्री आहे.